स्टरलाइज करणं म्हणजे नेमकं काय करणं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: ‘शनिवारी सकाळी १० ते १ या वेळेत पाण्याच्या टाकीचे निर्बीजीकरण करण्यात येईल. सभासदांनी पाणी भरून ठेवावे.’ संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘टाकीची संमती घेतली आहे काय?’ पुण्यात अशी संधी कुणी सोडत नाही. सेक्रेटरी कावरेबावरे होऊन माझ्याकडे आले. मी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या सीएसएसडीत काढली. ऑपरेशनची हत्यारं जिथे धुऊन, बांधून, निर्जंतुक करून ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवतात ते हे खातं. तेव्हापासून जिन्यात, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला मला हेच प्रश्न विचारले जातात. एकदाच लिहून टाकते.

मग टाकीसाठी बरोबर शब्द कोणता?

जंतुनाशन. किंवा सरळ ‘टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकणार’ असं लिहावं, सगळ्यांना कळतं.

घोळ होतो तो इंग्रजीत ‘स्टरलाइज’ हा एकच शब्द सगळीकडे चालत असल्यामुळे. आपल्याकडे कोणाचं करायचं त्यावर शब्द बदलतो. हत्यारं, पट्ट्या, बाटल्या यांचं निर्जंतुकीकरण. माणसांची नसबंदी, आणि घरात बोलताना नुसतं ‘ऑपरेशन’; ‘धाकटीच्या वेळी लगेच ऑपरेशन करून घेतलं’ म्हटलं की कुठलं ते विचारावं लागत नाही. कुत्र्या-मांजरांचं निर्बीजीकरण. बैलाचं खच्चीकरण, गावाकडे त्यालाच बैल बडवणं म्हणतात, आणि न बडवलेला तो अंडील. खच्चीकरण तर गोठ्यातून उठून थेट ऑफिसात आलं. साहेबांनी चारचौघांत झापलं की कर्मचाऱ्याचं मानसिक खच्चीकरण होतं, आणि बोलणाऱ्याला बैल आठवतही नाही.

शब्द वेगळे असले तरी काम एकच: पुढची पिढी होऊ द्यायची नाही. ही माझी कोटी नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात जंतू ‘मेला’ हे ठरवतात तेच मुळी त्याला पुन्हा वाढता येतं की नाही यावरून. हलतोय की नाही, श्वास घेतोय की नाही, याला तिथे महत्त्व नाही.

स्वच्छ करणं, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण यांत फरक काय?

स्वच्छ करणं म्हणजे मळ काढणं. जंतुनाशन म्हणजे रोग करणारे बहुतेक जंतू मारणं. फिनेल, ब्लीचिंग, डेटॉल, हाताला लावायचं सॅनिटायझर ही सगळी इथली मंडळी. निर्जंतुकीकरण म्हणजे एकही शिल्लक न ठेवणं, बीजाणूंसकट. काही जिवाणू वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड कवच करून झोपून जातात, तो बीजाणू. धनुर्वाताचा जिवाणू त्यातलाच. सॅनिटायझरने त्याचं काही बिघडत नाही.

‘एकही नाही’ हे कुणी मोजून दाखवू शकत नाही, म्हणून मानक असं ठरवलंय की दहा लाख वस्तूंमागे फार तर एकीवर जिवंत जंतू सापडण्याची शक्यता उरावी.

जंतुनाशनाशी पुण्याचा जुना आणि कडू संबंध आहे. १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घरांत शिरून तपासण्या करत, घरं धुऊन काढत, सामान जाळत. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडण्यात झाला. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसाकडे येतो हे १८९८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे घरं धुताना शत्रू कोण हेच माहीत नव्हतं.

पाण्यात उकळलं की निर्जंतुक होतं ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा दिलेलं उत्तर हेच.

माझ्या लहानपणी डॉक्टरांच्या टेबलावर स्टीलचा चपटा डबा असायचा, त्यात काचेची सिरिंज आणि सुया रटरट उकळत असायच्या. चिमट्याने सिरिंज उचलताना तिच्यावरून पाणी निथळायचं, आणि तो वाफेचा नि स्पिरिटचा वास आला की आम्ही रडायला सुरुवात करायचो. त्या डब्याला सगळे ‘स्टरिलायझर’ म्हणत. होत होतं ते जंतुनाशन. साधे जिवाणू आणि बहुतेक विषाणू उकळत्या पाण्यात मरतात, बीजाणू तासन्‌तास टिकू शकतात. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे आपलं पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये म्हणतात त्यामागेही बीजाणूच आहे. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजू शकतात. आजी रागावल्या तरी चालतील.

हॉस्पिटलमध्ये मग काय करतात?

दाबाखालची वाफ. ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला वाफ १२१ अंशांपर्यंत जाते आणि त्या तापमानाला १५ ते २० मिनिटं ठेवतात. आतली हवा आधी पंपाने ओढून घेणारी यंत्रं १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम करतात. हे यंत्र शार्ल शांबरलाँ या पाश्चरच्या सहकाऱ्याने १८७९ मध्ये केलं, आणि तत्त्वात फारसं काही बदललेलं नाही.

लोकांना वाटतं, वस्तू आत टाकायची नि बटण दाबायचं. खरं काम त्याच्या आधी असतं. आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा कात्रीसारखा चिमटा, घ्या. त्याच्या सांध्यात रक्ताचा एक काळपट कण वाळून बसतो. वरून चिमटा आरशासारखा चकचकीत दिसतो, पण दोन्ही पाती पूर्ण उघडून उजेडात धरली की तो कण दिसतो. वाफ त्या कणाच्या आत पोचत नाही. म्हणून नवीन मुलींना मी पहिला आठवडा फक्त ब्रश द्यायचे. आणि प्रत्येक आर्टरी उघडी ठेवूनच पॅक करायची. बंद ठेवली की सांध्याला वाफ लागत नाही.

पॅकवर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उठतात त्यावर विसंबू नका. ‘हा पॅक गरम झाला होता’ एवढीच साक्ष ती टेप देते. खरी परीक्षा बीजाणूंच्या पट्टीची. उष्णतेला सर्वांत दाद न देणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू मुद्दाम आत ठेवायचे आणि नंतर ते उगवतात का बघायचं. उगवले तर तो लोड, म्हणजे त्या वेळी यंत्रात घातलेलं सगळं, परत. आणि पॅक ओला बाहेर आला तर तोही परत, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात.

घरच्या कुकरमध्ये होईल का?

तत्त्वतः हो. आपल्या नेहमीच्या कुकरची शिट्टी साधारण एक किलो दाबाला उचलते, म्हणजे आत १२० अंशांच्या जवळपास. आधी शिट्टी न लावता वाफेचा जोरदार झोत येऊ द्यायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते, मग शिट्टी लावून मंद गॅसवर वीस मिनिटं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. अळिंबीचं बियाणं घरी करून बघणारे असंच करतात. पण जखमेला लागणारी वस्तू यातून काढून वापरू नका. वाळवायची कुठे आणि ठेवायची कशात, हा प्रश्न कुकर सोडवत नाही.

बाळाच्या बाटल्या?

त्यांना खऱ्या अर्थाने निर्जंतुक करायची गरज नसते. ब्रशने घासून, बूच नि बाटली वेगळी करून, पूर्ण पाण्याखाली बुडतील अशी पाच-दहा मिनिटं उकळा. बुचाच्या आतल्या कडेला दुधाचा पांढरा थर राहतो, तिथे बोट फिरवून बघा. आणखी एक, डब्यातली दूध पावडर स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून ती कोमट नाही, किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवायची आणि मग गार करायची. एवढी उठाठेव नको असेल तर वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं. धुवायला सोपं, सांदीकोपरे नाहीत.

लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात, ते निर्जंतुकीकरणच ना?

माझ्या सासूबाई रसरशीत निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून त्यावर चिनी मातीची बरणी पालथी घालायच्या. उचलली की आत पिवळट धूर भिंतीला धरून फिरत असायचा आणि त्या लगेच दादरा बांधायच्या. त्याने बरणी कोरडी होते, वास सुरेख लागतो, थोडेफार जंतूही कमी होत असतील. निर्जंतुक होत नाही. लोणचं टिकवतात ते मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वरचं बोटभर तेल. बॉट्युलिझमचा जिवाणू आंबटात वाढत नाही. म्हणून कैरीचं लोणचं घरी बिनधास्त घालावं, पण मटार किंवा मक्याचे दाणे नुसत्या मिठाच्या पाण्यात घालून बाटलीत हवाबंद करायचे व्हिडिओ बघून तसं करू नये. तिथे आंबटपणाही नाही आणि बीजाणू मारण्याइतकी उष्णताही नाही.

पिशवीतलं दूध आणि टेट्रापॅकचं दूध, कोणतं निर्जंतुक?

पिशवीतलं, मग चितळेंचं असो की कात्रजचं, पाश्चरीकृत असतं: साधारण ७२ अंशांना १५ सेकंद, लगेच गार. रोगजंतू मरतात, दूध नासवणारे थोडे उरतात, म्हणून फ्रीज. टेट्रापॅकचं १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून ते न फोडता बाहेर महिनोन्‌महिने राहतं. फोडलं की त्याचीही गत तीच.

पिशवीचं दूध पुन्हा तापवायची गरज आहे का, असं आमच्या शेजारणीने विचारलं होतं. पिशवी कुठे न तापता, न फुटता थंड आली असेल तर जंतूंसाठी गरज नाही. पण मग साय कुठून येणार, आणि तूप कशाचं कढवणार?

प्यायचं पाणी निर्जंतुक करावं का?

सुरक्षित करावं, निर्जंतुक नको. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू चर्चेत आला. त्याला बीजाणू नसतात. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवलेलं पाणी त्याला पुरेसं आहे. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग उकळा. नंतर त्यात हात घालून पेला बुडवला तर सगळं मुसळ केरात, ओगराळं वापरा.

प्लास्टिकची सिरिंज वाफेत वितळेल. ती कशी करतात?

इथे मला हा विषय सगळ्यात आवडतो. एक मार्ग इथिलीन ऑक्साइड वायूचा. दुसरा गॅमा किरणांचा: बंद खोकीच्या खोकी कोबाल्ट-६० समोरून फिरवतात, पॅक फोडावाही लागत नाही. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४ मध्ये यासाठीच सुरू झाला. सिरिंज-हातमोज्यांसाठी नेहमीची मात्रा २५,००० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप).

हेच किरण नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यावर सोडतात, पण फक्त ६० ते ९० ग्रे. कांदा निर्जंतुक होत नाही, त्याला कोंब फुटायचा थांबतो. २००७ पासून हापूस अमेरिकेला जाऊ लागला तो ४०० ग्रे मात्रा घेऊन. तेवढ्याने कोयीतला भुंगा लगेच मरेलच असं नाही, पण त्याला प्रजा होत नाही, आणि अमेरिकेला तेवढंच हवं असतं. कांद्याचा कोंब, किड्याची अंडी, सिरिंजवरचे बीजाणू, तिन्ही थांबवणारा किरण एकच, मात्रा तेवढी वेगळी. आणि नाही, असा आंबा खाल्ल्याने अंगात किरणोत्सर्ग येत नाही; आंब्यावर फक्त किरण पडलेले असतात.

नसबंदीने पुरुषाचा जोम जातो का?

जात नाही. ही भीती बैलावरून आलेली आहे. खच्चीकरणात ग्रंथीच निकामी करतात, पूर्वी ठेचून आणि आता बर्डिझोच्या चिमट्याने; त्यामुळे संप्रेरक थांबतात, बैलाची मस्ती उतरते. माणसाच्या नसबंदीत ग्रंथींना हातही लावत नाहीत, फक्त बीज वाहून नेणारी नळी कापून बांधतात. बिनटाक्याची शस्त्रक्रिया तर जागा बधिर करून थोड्या वेळात होते, माणूस त्याच दिवशी घरी. मात्र परिणाम त्याच दिवशी नसतो. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं आल्यावरच निर्धास्त व्हायचं. हे न पाळता ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणणारे पुष्कळ.

बायकांच्या ऑपरेशनमध्येही बीजनलिकाच बंद करतात. पाळी चालू राहते. ‘पिशवी काढणं’ ही वेगळी, कितीतरी मोठी शस्त्रक्रिया, ती कुटुंबनियोजनासाठी करत नाहीत. इतकं असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३ टक्के. सोपं ऑपरेशन एकाचं आणि करून घेते दुसरी.

पुरुषांनी हाय खाण्याला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातले बहुसंख्य पुरुष, आणि कित्येकांवर सक्ती झालेली. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. (टाकीच्या संमतीवर हसणाऱ्यांनी हे वाचावं.)

गल्लीतल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं, तरी ती भुंकतात आणि चावतात. मग उपयोग काय?

पिल्लं होत नाहीत, हा उपयोग. कुत्र्यांत बैलासारखंच, ग्रंथी काढतात. मादीचं बहुधा गर्भाशयही. त्यामुळे माजाच्या काळातली भांडणं कमी होतात. भुंकणं त्याचा स्वभाव आहे, ते जाणार नाही. पिसाळू नये म्हणून रेबीजची लस वेगळी, ती त्याच वेळी देतात. कानाला खाच दिसली की त्या कुत्र्याचं काम झालेलं आहे असं समजा. २०२३ च्या नियमांप्रमाणे ऑपरेशननंतर कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. खाच असलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लस घ्यायला जा. खाचेकडे बघून थांबू नका.

निर्बीज द्राक्षांवर काही प्रक्रिया केलेली असते का?

नारायणगावच्या बागेत घड बुडवतात ते जिबरेलिक आम्लात, ज्याला बागायतदार नुसतं ‘जीए’ म्हणतात. ते मणी फुगवण्यासाठी. बी नसणं हा मूळ वाणाचाच गुण: बी धरतं, पण अर्धवटच वाढून विरून जातं. म्हणून रोपं कलमाने करतात.

अर्थशास्त्रातही हा शब्द ऐकला.

बरोबर ऐकलात. रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेते तेव्हा तेवढे रुपये बाजारात येतात. महागाई वाढू नये म्हणून ती रोखे विकून ते रुपये परत ओढून घेते. २००४ मध्ये खास त्यासाठी योजनाही आणली होती. पैशाला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, एवढंच. याला मराठी शब्द सुचवायचा मोह मी आवरते.

दाताच्या किंवा दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर काय बघावं?

हत्यारांची पाकिटं तुमच्यासमोर फोडली जातात का ते बघा. न फोडता ट्रे मांडून ठेवलेला असेल तर विचारा. विचारायला लाजू नका. मी स्वतः एकदा एका दवाखान्यात खुर्चीत आडवी असताना बाईंच्या हातून आरसा फरशीवर पडला, त्यांनी तो कसल्याशा लाल द्रावणात बुचकळला आणि परत माझ्या तोंडाकडे आणला. मी उठून बसले.

बुचकळण्यावर माझा एवढा राग का, तर १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी हाफकिनची प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, निर्जंतुकीकरण नीट केलं नाही म्हणून त्यांना पदावरून दूर केलं. नंतर पुढे आलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि त्याने तो कार्बोलिकमध्ये नुसता विसळून बुचाला लावला होता. हाफकिन निर्दोष ठरायला काही वर्षं गेली.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या निर्जंतुक गॉजवर तारीख असते. तारखेच्या आत असेल तर वापरावं ना?

आधी पाकीट बघा, मग तारीख. कोपरा फाटलेला, पाण्याचा डाग पडलेला, चिकट पट्टी सुटलेली असेल तर तारीख पुढच्या वर्षाची असली तरी ते साधं कापड. पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, पुण्यात जुलैत तिथे बुरशी येते. उरलेला अर्धा गॉज घडी घालून परत पाकिटात ठेवायची सवय आपल्या सगळ्यांना असते. तो गुडघ्याच्या खरचटण्यावर चालेल, टाके घातलेल्या जखमेवर नको.